पुण्याचे मालक, लँकशायरचा क्लब, नेरूळचे चाहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळ-सीवूड्सच्या पट्ट्यात ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबचे मोजके का होईना, पण चाहते आहेत. टर्फवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत त्यांना तेच तेच प्रश्न विचारले जातात आणि तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. भाषा थोडी तिखट आहे, पण गेली पंधरा वर्षं बघितलीत तर ती सौम्यच वाटेल.

ब्लॅकबर्न? हे कुठं आलं?

इंग्लंडच्या वायव्येला, लँकशायरमध्ये, मँचेस्टरच्या थोडं वर. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे नवी मुंबईतले एक-दोन नोड. गाव कापडगिरण्यांचं. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम शेजारच्या डार्वेनला जाऊन आले होते, कारण आपल्याकडच्या परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ तिथल्या गिरणी कामगारांनाही बसली होती. आता तिथल्या गिरण्या संपल्या, आपल्या लालबाग-परळच्याही संपल्या. गिरणी गेल्यावर गावाजवळ मिरवायला काय उरतं, हे आमच्यातल्या ज्यांचे आजोबा गिरणीत होते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ब्लॅकबर्नकडे फुटबॉल उरला. क्लब १८७५ सालचा. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. शर्ट अर्धा निळा, अर्धा पांढरा.

जगात मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल असताना हाच क्लब का?

शिअररमुळे. १९९५ साली हा क्लब प्रीमियर लीगचा विजेता होता, यावर आजची पोरं विश्वास ठेवत नाहीत. जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलाद व्यावसायिकानं, जो लहानपणापासून याच क्लबचा चाहता होता, आपला पैसा लावला. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं आणि ३६ लाख पौंडांना ॲलन शिअरर. त्या हंगामात शिअररनं लीगमध्ये ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर २-१ हरले, पण तिकडे युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरीच साधता आली आणि चषक ब्लॅकबर्नला गेला. हरून चॅम्पियन! त्या वयात असल्या नाट्याच्या प्रेमात पडायला आणखी कारण लागत नाही. पुढे निस्तरावं लागतं, ते वेगळं.

मालक खरंच पुण्याचे आहेत का?

हो. नोव्हेंबर २०१० मध्ये वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टनं क्लब वेंकीजला विकला, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना, वर क्लबचं कर्ज. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला हा पुण्याचा उद्योग. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. दूरदर्शनवरच्या अंड्यांच्या त्या जाहिराती आठवतात ना? त्यांच्यामागची अंडी समन्वय समितीही त्यांच्याच पुढाकारानं १९८२ साली उभी राहिली. क्लब घेतला तो त्यांच्या मुलांनी: अनुराधा देसाई, वेंकटेश राव आणि बालाजी राव. कोंबडीच्या धंद्यात या घराण्याचा हात धरणारा देशात सापडणं कठीण. आमची तक्रार फुटबॉलपुरती आहे.

मग अभिमान वाटायला हवा की! आपल्या पुण्याची कंपनी, इंग्रजांचा क्लब…

वाटला होता. बातमी आली तेव्हा आमच्यातल्या एकानं पेढे वाटले होते. आज तो विषय काढला की बाथरूमला जातो.

असं काय बिघडवलं त्यांनी?

क्रमानं सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की दोन-चार मॅच हरलो म्हणून आम्ही रडतोय.

क्लब हातात आला तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये सलग दहावा हंगाम खेळत होता. मॅनेजर सॅम ॲलरडाइस. त्याचा खेळ बघवत नसे हे मान्य, पण संघ तेराव्या क्रमांकावर सुखात होता. ताबा घेऊन महिना होत नाही तोच, डिसेंबर २०१० मध्ये, त्याला काढलं. त्याच्या जागी प्रशिक्षकवर्गातलाच स्टीव्ह कीन. याआधी कुठल्याही क्लबचा मुख्य मॅनेजर न झालेला माणूस. एकीकडे रोनाल्डिन्होला आणण्याच्या गोष्टी चालू होत्या. रोनाल्डिन्हो, ब्लॅकबर्नच्या थंडीत! दुसरीकडे क्लब वर्षानुवर्षं नीट चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स २०११ च्या सुरुवातीलाच बाहेर पडले. मग ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू चिकन खातायत अशी जाहिरात आली. ती शोधून बघा. आमच्याकडून दाखवून घेऊ नका.

२०१०-११ चा हंगाम शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला त्यांच्याच मैदानावर हरवून वाचवला. ऑक्टोबरमध्ये संघ चक्क बालेवाडीत आला, पुणे एफसीला ३-० हरवून गेला. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला, ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३-२ हरवलं. एवढ्या दोन-चार उजेडाच्या तिरिपी सोडल्या तर सगळा अंधारच होता. मे २०१२ मध्ये रेलिगेट, म्हणजे खालच्या श्रेणीत रवानगी.

आणि खरा तमाशा पुढच्या हंगामात. कीन सप्टेंबरात गेला. मग १९९५ च्या संघातला हेनिंग बर्ग आला आणि ५७ दिवसांत गेला. करार मोडल्याची भरपाई कोर्टात जाऊन वसूल केली त्यानं, साडेबावीस लाख पौंड. मग मायकेल ॲपलटन, ६७ दिवस. मध्ये मध्ये हंगामी मॅनेजर. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे लीग वनमध्ये, घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रेनं वर्षभरात परत वर आणला, त्याचे उपकार. तेव्हापासून चॅम्पियनशिप म्हणजे दुसरी श्रेणी: ना वर जाणं, ना धड बुडणं.

मैदानात कोंबडी सोडली होती, ती गोष्ट खरी?

खरी. ७ मे २०१२, आमचं घरचं मैदान ईवूड पार्क, पाऊस, समोर विगन. हरलो तर रेलिगेट. सामना सुरू झाल्यावर कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती गोंधळून इकडेतिकडे पळत राहिली. ८७ व्या मिनिटाला विगनच्या अल्कारासनं हेडर मारला आणि खेळ खलास.

जगभर तो फोटो फिरला. लोक हसले. आम्हाला हसू आलं नाही, पण त्या दिवशी मैदानात काय करायचं हे ठाऊक नसलेली ती एकटी नव्हती, एवढं नक्की.

पण ते पैसे तर ओततात ना? मग तक्रार कशाची?

हा प्रश्न बरोबर आहे आणि तो बहुतेक वेळा सीए लोक विचारतात.

ओततात. नाकारायचं कारण नाही. आजवर २० कोटी पौंडांच्या वर गेलेत, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे. चॅम्पियनशिपमधला जवळजवळ प्रत्येक क्लब तोट्यात चालतो. पगार भागवायला मालकाला दरवर्षी खिशात हात घालावा लागतो. वेंकीजनी हात घातला. क्लबवर व्याजाचा बोजा टाकला नाही, मैदान विकून खाल्लं नाही, अकादमीचा पहिल्या दर्जाचा मान टिकवला. २०१९ मध्ये बरी नावाचा शेजारचा क्लब पैशांअभावी लीगमधून हाकलला गेला, तशी पाळी आमच्यावर आली नाही. याचं श्रेय द्यायलाच हवं आणि आम्ही देतो.

घोडं अडतं ते दुसरीकडे. समजा तुमच्या इमारतीतले सगळ्यात मोठे फ्लॅटधारक पुण्याला राहतात. मेंटेनन्स भरतात, नेमानं. पण पंधरा वर्षांत एका सर्वसाधारण सभेला आले नाहीत. लिफ्ट बदलायची तर त्यांची सही लागते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं तर त्यांची सही लागते, आणि सही मागणारा मेल गेला की उत्तर कधी येईल ते वॉचमनलाही सांगता येत नाही. चेक वेळेवर, माणूस बेपत्ता. ब्लॅकबर्नचं नेमकं हेच झालंय. मालक मंडळी वर्षानुवर्षं ईवूड पार्कला फिरकलेली नाहीत. हा क्लब त्यांना कशासाठी हवा आहे, कुठे न्यायचा आहे, हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. जॅक वॉकरकडेही पैसाच होता की. फरक इतकाच, की तो शनिवारी दुपारी स्टँडमध्ये बसलेला असायचा.

कागदपत्रं उशिरा गेल्याचं काय प्रकरण आहे?

याचं नाव काढलं की अजून पोटात गोळा येतो.

३१ जानेवारी २०२३. इंग्लंडमध्ये रात्री अकराला ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत, बंद होणार होती, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. आम्ही सीवूड्सला एकाच्या हॉलमध्ये जागे. संघ प्लेऑफच्या, म्हणजे सहाव्या क्रमांकापर्यंतच्या संघांना वर चढण्याची संधी देणाऱ्या सामन्यांच्या, शर्यतीत होता, मधल्या फळीत एक माणूस हवा होता आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन लोनवर, म्हणजे उसना, येणार हे पक्कं झालं होतं. साडेचार वाजले. घोषणा नाही. खाली दुधाच्या टेम्पोतून क्रेट उतरवल्याचा आवाज, वर प्रत्येक जण आपापला फोन खाली ओढून सोडतोय, ओढून सोडतोय. घोषणा आलीच नाही. कागद वेळेत पोचले नव्हते. लीगनं नोंदणी नाकारली, अपीलही फेटाळलं.

त्या हंगामात रोव्हर्स सातवे आले. सहाव्या सुंदरलँडचे गुण तेवढेच, ६९. आमची संधी गोलफरकावर हुकली. एका ओब्रायननं चित्र पालटलं असतं का, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी ‘पालटलं असतं’वाल्यांत.

बरं, एकदा ठेच लागली की माणूस शहाणा होतो. पुढच्याच जानेवारीत, २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या ऑर्लँडोचा डंकन मॅक्ग्वायर आणायचा ठरला आणि तोही व्यवहार कागदांच्या घोळात फिसकटला. त्याच विंडोत ॲडम व्हार्टनला क्रिस्टल पॅलेसला विकलं. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, सहाव्या वर्षापासून याच क्लबात वाढलेला पोरगा. पाच महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता. विकण्याचे कागद मात्र बिनचूक होते, हे नमूद करायला हवं.

कोर्टाची काय भानगड?

परकीय चलनाच्या व्यवहारांबाबत भारतात चौकशी सुरू झाल्यानंतर, २०२३ पासून, मालकांना क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागू लागली. चौकशी झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. त्यावर आम्ही बोलणार नाही. क्लबवर झालेला परिणाम मात्र दिसतो: खर्चाला कात्री. वाढवलेल्या अपेक्षांवर आलेला मॅनेजर योन डाल टोमासन वैतागला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सामोपचारानं बाहेर पडला. ब्लॅकबर्नचा राइट बॅक येणार की नाही हे दिल्लीतल्या तारखेवर ठरतं, असं लँकशायरमधल्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी बिअर खाली ठेवली असती.

चांगले मॅनेजर टिकत का नाहीत?

जॉन युस्टेसचं बघा. त्यानं तुटपुंज्या साधनांत संघ वर आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोव्हर्स पाचव्या क्रमांकावर होते, प्लेऑफच्या जागेत. आणि तो सोडून गेला. कुठे? डर्बीला, जे तेव्हा रेलिगेशनच्या छायेत होतं. वरचा संघ सोडून बुडता पत्करला. माणूस असा का वागतो याचं उत्तर त्यानं शब्दांत देण्याची गरजच उरली नाही. हंगामअखेर रोव्हर्स पुन्हा सातवे.

महिला संघ बंद केला, हे खरं?

बंद नाही, पण २०२५ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीतून स्वतःहून काढून घेतला. त्या श्रेणीसाठी लागणाऱ्या सोयींवर खर्च करायचा नाही असं ठरलं. हा निर्णय मला सगळ्यात जास्त लागला. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून या तिघी २०२२ साली इंग्लंडसाठी युरो जिंकल्या. तिघींच्याही वाटेत ब्लॅकबर्न लागलं होतं. जिथं पीक येतं तेच वावर पडीक टाकलं. पुरुष संघातल्या एका मध्यम खेळाडूच्या पगाराच्या मानानं तो खर्च फार मोठा नव्हता.

तुम्ही तर पुण्याच्या जवळ राहता. जाऊन सांगत का नाही?

इंग्लंडमधले चाहते हे फार गांभीर्यानं विचारतात. त्यांना नकाशात नेरूळ आणि पुणे चिकटलेले दिसतात. खरंही आहे, एक्स्प्रेसवेनं अडीच-तीन तास, खंडाळ्याच्या घाटात अडकलो नाही तर.

पण जाऊन काय करणार? गेटवरचा सिक्युरिटी विचारणार, “कोणाला भेटायचंय? अपॉइंटमेंट आहे का?” आणि आम्ही सांगणार, “लेफ्ट विंगरबद्दल बोलायचं होतं”? आमच्यातल्या एकाचा मामेभाऊ पुण्यात पोल्ट्रीच्या धंद्यात आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, “दादा, खाद्याचा भाव विचारायचा असेल तर सांग.”

आंदोलनांनी काही होतं का?

२०१६ मध्ये तिथल्या चाहत्यांनी स्थापनेचं साल हाताशी धरून निषेध केला: अठराव्या मिनिटाला आत यायचं आणि पंच्याहत्तराव्या मिनिटाला उठून जायचं. कल्पना झकास. पण बघणारे मालक स्टँडमध्ये असतील तर रिकाम्या खुर्च्या बोचतात. ईवूड पार्कमध्ये सुमारे ३१ हजार लोक मावतात आणि एरवीही निम्म्याच्या आसपास खुर्च्या रिकाम्याच असतात.

थोडी आशा कायद्याची आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासनाचा नवा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. मालक योग्य आहे की नाही, क्लबची आर्थिक घडी कशी आहे, चाहत्यांशी सल्लामसलत होते की नाही, हे तो बघणार. क्लबचं बोधचिन्ह किंवा घरच्या सामन्यांचे रंग चाहत्यांना न विचारता बदलता येणार नाहीत. चांगलंच आहे. पण ‘मेलला उत्तर द्या’ असं कलम त्यात नाही, आणि मालकानं क्लबवर जीव लावावा असा कायदा कुठल्याही संसदेला करता येत नाही.

जर्मनीत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहतात, तसं इंग्लंडमध्ये का नाही, हा ठरलेला पुढचा प्रश्न. कारण इंग्लिश क्लब शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच खासगी कंपन्या झाले. विकलेलं घर परत मागता येत नाही.

मग ते क्लब विकत का नाहीत?

कळलं तर आम्हालाही सांगा. घातलेले पैसे परत मिळण्याची शक्यता जवळपास शून्य आहे, हे त्यांनाही दिसत असणार. माझा अंदाज: विकणं म्हणजे हरलो असं कबूल करणं, आणि मोठ्या घराण्यांना ते जड जातं. आमच्यातला दुसरा गट म्हणतो, पुढचा मालक याहून वाईट निघाला तर? हा निदान पगार तरी वेळेवर देतो. पोर्ट्समथ एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात जात पार दिवाळखोरीत गेलं आणि शेवटी २०१३ मध्ये चाहत्यांनीच विकत घेऊन वाचवलं. भीती खोटी नाही.

आम्ही युनायटेडवाले काय कमी भोगतोय? ग्लेझर बघा!

ग्लेझरांनी २००५ मध्ये क्लब विकत घेताना काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. म्हणजे तुमचे मालक क्लबमधून पैसे काढतात, आमचे घालतात. तुमचा राग रास्त आहे. पण २०२४-२५ मध्ये पंधरावे आलात म्हणून आमच्या खांद्यावर डोकं ठेवायला येऊ नका. आम्ही लीग वन पाहिलीय.

तिथले चाहते भारतीय म्हणून शिव्या घालतात का?

काही घालतात. सुरुवातीच्या वर्षांत जास्त होतं, कोंबडीच्या विनोदांआडून बरंच काही खपवलं गेलं. ब्लॅकबर्नमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी वंशाची वस्ती मोठी आहे, त्यामुळे हे बोल तिथल्याच शेजाऱ्यांना लागतात. आमचा नियम साधा: कारभारावर कितीही बोला, कातडीवर गेलात तर ग्रुपमधून बाहेर. याबाबतीत ॲडमिन फार कडक आहे. (ॲडमिन मीच.)

एवढंच आहे तर भारतीय फुटबॉल बघा ना. डी. वाय. पाटील स्टेडियम तर तुमच्या दारात आहे!

बघत होतो. २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटी इथंच खेळायची, नेरूळ स्टेशनवरून चालत जायचो. मग संघ अंधेरीला गेला. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी नेरूळहून अंधेरी गाठणं म्हणजे काय, हे सांगायला नको. २०२२ चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक मात्र मनापासून पाहिला. अंतिम सामना इथंच झाला, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगाम वेळेवर सुरूच होईना, तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, “कारभाराचा वैताग हवाय ना, मग एवढ्या लांब जायची गरजच काय होती?”

सप्टेंबर २०२५ मध्ये जिंकत आलेली मॅच पाण्यात गेली, ती कुठली?

इप्सविचविरुद्ध, घरच्या मैदानावर. आपण १-० पुढे, त्यांचा एक खेळाडू बाहेर, दहा मिनिटं शिल्लक. मैदानावर पाणी साचलं, पंचांनी सामना सोडून दिला. पुढे लीगनं निकाल दिला की पहिल्या मिनिटापासून, अकरा विरुद्ध अकरा, पुन्हा खेळा. आम्ही जुलैत सायन-कुर्ल्याचं पाणी बघून वाढलेली माणसं. पावसावर आमचा राग नाही.

मॅच कधी आणि कुठं बघता? मी येऊ का?

या. शनिवारची मॅच उन्हाळ्याच्या वेळेत आपल्या संध्याकाळी साडेसातला, ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत साडेआठला. मंगळवारच्या रात्रीची थंडीत सव्वाला सुरू होते, तिला फक्त वर्क फ्रॉम होमवाले येतात. टीव्हीवर नसली तर क्लबच्या चॅनेलचा पास काढतो, पैसे वाटून. वडापाव ज्याचा त्यानं आणायचा. एका मेंबरच्या फ्रीजरमध्ये वेंकीजचे नगेट्स सापडले होते. त्यानं मुलांसाठी आहेत असं सांगितलं आणि ते मान्य करण्यात आलं. तुम्हीही आणू शकता. बर्नलीचा, म्हणजे शेजारच्या कट्टर वैऱ्यांचा, शर्ट तेवढा नको.